भाव पाडणारा दारात येतो तेव्हा

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘व्यवहारज्ञान’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे आणि मी काही मोठा व्यावसायिक नाही. म्हणून त्यातला एक छोटा तुकडा घेतो. शिलाई मशीन, कॅमेरा, लॅपटॉप, ड्रिल मशीन, फोन अशी घरातली वापरलेली वस्तू आपण स्वतः विकायला काढतो. समोरून येणारा माणूस खोटं बोलून भाव पाडतो. तेव्हा काय करायचं?

तुमच्यापैकी किती जणांनी जुनी वस्तू ऑनलाइन विकायला टाकली आहे? हात वर करा. बरेच आहात. मग ‘लास्ट किती?’ हा मेसेज तुमच्या ओळखीचा असणार. नाव नाही, गाव नाही, वस्तू चालते का हेही विचारायचं नाही. थेट ‘लास्ट किती?’ त्यावर आपण हसतो. पण मी आज ज्या व्यवहाराबद्दल सांगणार आहे, त्यावर आमच्या घरात कित्येक दिवस कुणी हसलं नव्हतं.

मी सोलापूरचा. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण आमच्या शहरात शाळेचे गणवेशही मोठ्या प्रमाणावर शिवले जातात. लहान-मोठे कारखाने आहेत आणि त्यांचं बरंचसं काम घरोघरच्या मशिनींवर होतं. आमच्या घरात पुढच्या खोलीत अम्मीच्या सहा मशिनी होत्या. पाच जुकी आणि एक ओव्हरलॉक. गल्लीतल्या चार बायका येऊन शिवायच्या. अम्मी कापड मोजून घ्यायची, शिवलेला माल मोजून द्यायची, हिशेब वहीत लिहायची. अब्बा रिक्षा चालवायचे, पण घरातला स्थिर पैसा अम्मीच्या मशिनींचा होता.

गणवेशाच्या धंद्याचं सगळं गणित जूनवर असतं. जानेवारीपासून शिवायचं आणि शाळा उघडताना विकायचं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा बंद झाल्या. त्या वर्षीचा जून गेला. पुढच्या वर्षीचाही गेला. २०२१ च्या पावसाळ्यात अम्मीनं ठरवलं की चार जुकी विकायच्या. बहिणीच्या नर्सिंगच्या फीची शेवटची तारीख दहा दिवसांवर आली होती, आणि तीन महिन्यांचं घरभाडं थकलं होतं.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. फोन माझ्या हातात, इंग्रजी मला येतं, म्हणून विकायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी फोटो काढले आणि जाहिरात टाकली. आम्ही या मशिनी २०१६ मध्ये टेबल आणि मोटरसह प्रत्येकी २३ हजारांना घेतल्या होत्या. मी १२ हजार किंमत लिहिली. हा आकडा मी कुठून काढला? कुठूनच नाही. निम्म्याच्या आसपास बरा वाटला, म्हणून लिहिला.

पहिल्या दिवशी एकाचा फोन आला, “तीन हजार देतो.” दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा आला, “साडेतीन. आता कोण घेतंय मशीन? सगळेच विकायला बसलेत.” तिसऱ्या दिवशी मात्र एक गोड बोलणारा माणूस भेटला. त्यानं नाव विचारलं, घरची चौकशी केली आणि ११ हजारांना कबूल झाला. चारही नेतो, टेम्पो घेऊन येतो, रोख देतो म्हणाला. मी एवढा खूश झालो की दुपारी चौकशीचे आणखी दोन फोन आले, त्यांना ‘विकल्या गेल्या’ असं सांगून टाकलं.

तो दुपारी येणार होता, आला संध्याकाळी साडेसातला. सोबत एक जण आणि बाहेर टेम्पो. आल्या आल्या त्याचा सूर बदलला. त्यानं टेबलावर टिचकी मारली, “प्लाय फुगलाय.” मोटर चालू केली, “क्लच मोटर आहे, लाइट खाते, आता सगळे सर्व्हो मागतात.” मग वाकून सुईशी काहीतरी केलं, एक चिंधी घातली आणि पायडल दाबलं. टाके सुटत होते. “बघा, हुक गेलाय. हुक, टायमिंग, सगळं करावं लागेल.” त्यानं कुणालातरी फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “अरे, माल भंगार आहे, काय करू? गरीब घर आहे, रिकामं कसं जाऊ?”

शेवटी तो पाच हजारांवर आला. चारचे वीस. टेम्पोचं भाडं फुकट जाईल म्हणाला. उद्यापासून गावाला जातोय म्हणाला. मी आतल्या दाराकडे पाहिलं. अम्मी पडद्याजवळ उभी होती, काही बोलली नाही. मी हो म्हटलं. त्यानं १५ हजार मोजून दिले, “पाच उद्या सकाळी पाठवतो” म्हणाला आणि चारही मशिनी टेम्पोत चढवल्या. टेम्पोवाला दोरी बांधताना मला म्हणाला, “आता कोण घेतंय मशीन?” तोच आवाज होता, साडेतीन हजारवाल्या फोनचा.

उरलेले पाच हजार आजतागायत आलेले नाहीत. ठरलेल्या ४४ हजारांच्या जागी हातात १५.

टेम्पो गेल्यावर अम्मी मोकळ्या खोलीतला केर काढत होती. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “त्यानं सुई उलटी लावली होती.” जुकीत सुईची लांब खाच डावीकडे असावी लागते. सुई फिरवून लावली की नवी कोरी मशीनसुद्धा टाका सोडते. अम्मीला ते आत उभं राहून नुसत्या आवाजावरून कळलं होतं. मी ओरडलोच, “मग बोलली का नाहीस?”

ती म्हणाली, “तू बोल रा था ना.”

मित्रांनो, त्या संध्याकाळचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या माणसाला मशिनींची माहिती होती, पण अम्मीएवढी नव्हती. त्या खोलीत सगळ्यात जास्त जाणणारी व्यक्ती पडद्यामागे होती आणि ज्याला काहीच कळत नव्हतं तो मी सौदा करत होतो. तिनं मला बोलायला सांगितलं नव्हतं. मीही तिला बाहेर बोलावलं नाही. बाहेरचा पुरुष आला की बोलायचं घरातल्या मुलानं, मग मशीन कुणाची का असेना, हे आमच्या घरात गृहीतच होतं. त्याची किंमत निदान त्या दिवशी तरी रुपयांत मोजता आली.

आता त्या माणसाकडे वळू. आधी एक फरक स्पष्ट करतो. घासाघीस करणं म्हणजे बेइमानी नव्हे. ‘माझ्याकडे सातच हजार आहेत, परवडतंय का बघा’ असं कुणी म्हणालं तर तो प्रामाणिक माणूस आहे. त्याला ‘नाही’ म्हणा, पण त्याचा अपमान करू नका. बेइमानी सुरू होते ती तीन ठिकाणी. वस्तूबद्दल खोटं सांगणं, ठरलेला भाव दारात येऊन मोडणं आणि पूर्ण पैसे न देता माल हलवणं. आमच्या बाबतीत तिन्ही झालं.

या माणसांची पद्धत एकदा कळली की ती फार हुशार वाटत नाही. आधी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवरून अगदी कमी भाव सांगायचा, म्हणजे तुमच्या मनातली किंमत आपोआप खाली येते. मग चांगला भाव कबूल करायचा, म्हणजे तुम्ही बाकीचे ग्राहक परत पाठवता. यायचं उशिरा, अंधार पडल्यावर, माणसं आणि गाडी घेऊन, म्हणजे नाही म्हणायला तुम्हालाच संकोच वाटतो. मग दोष काढायचे. खरे दोन, खोटे चार. शेवटी घाई करायची. यात वस्तूची परीक्षा कुठेच नाही. परीक्षा तुमच्या गरजेची चाललेली असते.

गरजवंताला अक्कल नसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. मला ती पटत नाही. अम्मीला अक्कल होती. आमच्याकडे नव्हता तो वेळ. म्हणून पहिला धडा हाच, की विकायचं मनात आलं त्या दिवशीच जाहिरात टाका. फीची तारीख आठवड्यावर आल्यावर नको. आणि गरज सांगू नका. ‘का विकताय?’ याला ‘आता वापरात नाही’ एवढं उत्तर पुरतं. मी त्या माणसाला फोनवर बहिणीच्या फीची तारीखसुद्धा सांगून बसलो होतो.

दोन महिन्यांनी पाचवी जुकी विकायची वेळ आली. ओव्हरलॉक ठेवायची होती आणि निकाहाच्या वेळची पायाची काळी मशीन अम्मी विकणार नव्हती. या वेळी ती म्हणाली, “मी विकते, तू फक्त फोन उचल.”

तिनं काय केलं ते सांगतो. आधी दोन दुरुस्तीवाल्यांना आणि मशिनी विकणाऱ्या एका दुकानदाराला विचारलं, अशी मशीन तुम्ही गिऱ्हाइकाला केवढ्याला द्याल? ‘केवढ्याला घ्याल’ असं विचारलं नाही. दोन्हींचे आकडे वेगळे येतात, आणि खरा भाव त्यांच्या मधे कुठेतरी असतो. त्यावरून तिनं साडेअकरा हजार सांगायचे आणि दहाच्या खाली यायचं नाही, असं ठरवून वहीत लिहिलं. लिहिलेला आकडा दारात उभ्या माणसाच्या बोलण्यानं लवकर हलत नाही.

मग तिनं मशीन स्वच्छ केली, तेल बदललं, नवी सुई लावली. त्याच वहीच्या पानावर मशीनचे दोष लिहिले. टेबलाचा उजवा कोपरा फुगलाय. पायडलचा दांडा सैल आहे. मोटर क्लचची आहे, लाइट जास्त लागते. मी म्हटलं, “अम्मी, दोष आपणच सांगायचे?” ती म्हणाली, “आपण सांगितले की त्याला काढायला काय उरलं?” धर्म तर हे सांगतोच, की मालाचा दोष लपवून विकू नका. पण व्यवहारातही ते शहाणपणाचं ठरतं. सगळे दोष आधीच सांगितले असले की दारात निघणारा नवा दोष सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची होते.

ग्राहकांना तिनं सकाळी अकरालाच बोलावलं, उजेडात. शेजारच्या खालांना बसवून घेतलं. टेबलावर तीन कापडं ठेवली. शर्टाचं पातळ, पँटचं जाड आणि चार पदरी शिवण घातलेला पट्टा. पहिला आलेला माणूस सवयीनं सुईकडे हात न्यायला लागला. अम्मी म्हणाली, “सुई मी लावलीय. तुम्ही शिवून बघा. सुई बदलायची असेल तर माझ्यासमोर बदला आणि खाच कुठे येते ते मला दाखवा.” त्यानं हात मागे घेतला. तरी सहा हजारांवर अडून बसला. अम्मीनं चहाचा कप उचलला आणि म्हणाली, “बरं आहे, खुदा हाफिज.” तो गेटपर्यंत जाऊन सात म्हणाला, मग आठ. ती वळलीसुद्धा नाही.

दोन दिवस कुणी आलं नाही. ते दोन दिवस कठीण होते, हे लपवत नाही. मी तर त्या माणसाला परत फोन लावायच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवशी एक बाई आली, ब्लाउज शिवण्याचं काम सुरू करणारी. तिनं तिन्ही कापडं शिवून पाहिली आणि टेबलाच्या कोपऱ्याचे हजार कमी करा म्हणाली. दोष खरा होता. मशीन साडेदहाला गेली. ती बाई आजही दोरा आणायला निघाली की आमच्याकडे डोकावते.

पैसे मोजून झाल्यावर अम्मीनं दोन पावत्या लिहिल्या. तारीख, दोघींची नावं, मशीनचा नंबर, रक्कम, ‘तपासून घेतली’ आणि सही. एक तिला, एक आम्हाला. पहिल्या वेळी ही पाच ओळींची पावती असती, तर त्या पाच हजारांसाठी पोलीस चौकीत जाताना माझ्या हातात काहीतरी असतं.

आता कायद्याबद्दल थोडं, कारण आपण हक्कांची भाषा बोलतो, तर तिच्या मर्यादाही माहीत हव्यात. भारतीय करार अधिनियम १८७२ चा आहे. तुम्ही मोकळ्या संमतीनं कमी किमतीला विकलं, तर ‘किंमत फार कमी होती’ एवढ्या कारणानं करार रद्द होत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याचाही इथे उपयोग नाही, कारण आपण विकणारे आहोत, ग्राहक नव्हे. म्हणजे वाईट सौद्यातून कायदा सोडवणार नाही. ‘नाही’ आपल्यालाच म्हणायचं आहे, आणि मशीन दारात असतानाच.

पण कायदा एका जागी भक्कमपणे आपल्या बाजूला आहे. मालविक्रीचा कायदा १९३० चा आहे. त्यानुसार उधारी ठरली नसेल, तर पूर्ण पैसे मिळेपर्यंत ताब्यातला माल अडवून ठेवायचा विक्रेत्याला हक्क आहे. ‘उरलेले उद्या’ म्हणणाऱ्याला सरळ सांगा, माल पण उद्या. आणि पहिल्यापासूनच न देण्याच्या हेतूनं खोटं बोलून कुणी माल नेला, तर ती फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ आहे. नुसती थकबाकी म्हणजे फसवणूक नव्हे, हेतू दाखवावा लागतो. म्हणून बोलणं मेसेजमध्ये ठेवा आणि ते पुसू नका.

१९३० हा आकडा आणखी एका कारणानं लक्षात ठेवा. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर सरकारी हेल्पलाइनचा नंबर तोच आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त. फोन किंवा लॅपटॉप विकणाऱ्यांना हे हमखास लागतं. तिथली युक्ती उलटी असते. हा ग्राहक घासाघीस करतच नाही. मागाल तो भाव कबूल करतो, स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो, वस्तू न पाहता ‘आधी पैसे पाठवतो’ म्हणतो आणि एक क्यूआर कोड पाठवतो. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. पैसे घेण्यासाठी पिन टाका, असं कुणी म्हणालं की समजा, पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. आणि समोरच्याच्या फोनवर ‘पेमेंट सक्सेसफुल’ दिसलं म्हणून वस्तू देऊ नका. तो पडदा खोटा बनवता येतो. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा, मगच वस्तू हातात द्या.

शेवटी एक गोष्ट, जी मला स्वतःलाच बोलायला जड जाते. मागच्या वर्षी मला जुना कॅमेरा हवा होता. एका गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा वारला होता, कॅमेरा त्याचा होता. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. लेन्समध्ये धुळीचे दोन कण होते, फोटोत दिसणारसुद्धा नाहीत असे. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, ‘लेन्समध्ये फंगस आहे, बाद झालीय.’ पाच-सहा हजार सहज वाचले असते. मी ते वाक्य बोललो नाही. पण ते किती सहज तयार झालं होतं, हे पाहून घाबरलो. सुई उलटी लावणारा माणूस कुठून वेगळा येत नाही. आपल्यातलाच कुणीतरी, समोरच्याला काही कळत नाही हे पाहून, एक वाक्य जास्त बोलतो.

मी त्यांना बाजारात काय भाव आहे ते सांगितलं, माझ्याकडे किती आहेत तेही सांगितलं. फरक होता. ते म्हणाले, विचार करतो. मी नंबर देऊन आलो. कॅमेरा त्यांनी दुसऱ्याला दिला, जास्त पैशांत. ठीक आहे.

तर घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या घरात जी मशीन, जे हत्यार, जी वस्तू आहे, ती रोज कोण वापरतं ते पाहा. ती विकायची वेळ आली, तर त्या माणसाला खोलीत पुढे बसवा. ती अम्मी असेल, आपा असेल, कामाला येणारी बाई असेल. तुम्ही फोन उचला, पावती लिहा, चहा आणा. बोलू त्यांना द्या.